बघेल त्याची जमीन

अलिबागकडच्या प्लॉटच्या जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये नसते, मिनिटांत असते. मांडवा जेट्टी दहा मिनिटे, समुद्र पाच मिनिटे. ही मिनिटे पहाटे तीनची की रविवारी संध्याकाळी वडखळ नाक्यावरची, हे विचारणे अरसिकपणाचे. 2020 मध्ये रो-रो बोट सुरू झाली, 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि भाताच्या खाचरांना एकाएकी ‘व्ह्यू’ फुटला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्या तालुक्याने जगून दाखवली, तिथे ‘बघेल त्याची जमीन’ असा नवा कुळकायदा लागू झाला आहे. राजपत्रात छापायचा तेवढा राहिलाय.

जुन्या, म्हणजे 1948 च्या कुळकायद्याचे कलम 63 सांगते की शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे कलम आकाशातून पडलेले नाही. याच तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 खोतांची शेते कसायला नकार दिला. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही; कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांची वाट त्या संपाने मोकळी केली. त्या कलमाचा आजचा प्रताप असा की मुंबईत पंचविसाव्या मजल्यावर शेतकरी उगवू लागले. पणजोबांचा कुठल्याशा माळावरचा सात-बारा, ज्याच्याकडे घरात कुणी ढुंकून पाहिले नव्हते, तो आता देव्हाऱ्यात जातो. अडचण येते ती बाराच्या नमुन्यात. तिथे पीक लिहावे लागते आणि ई-पीक पाहणीच्या ॲपला पिकाचा फोटो लागतो. लॉन, बार्बेक्यू आणि शोभेचे तीन माड यांतले खरिपात काय मोडते, याचा निर्णय शासनाने एकदाचा घ्यावा. संपातही जमीन पडीक होती, आताही आहे; तेव्हा निदान त्यामागे मागणी होती.

यावर आक्षेप येतो की मालकाने राजीखुशीने विकली, तुमच्या पोटात का दुखते? भातशेतीत भागत नाही आणि गुंठ्याचा भाव ऐकून कुणाचेही डोळे फिरतील, हे कबूल. पण ‘मालक’ कोण, ते सात-बारावर एकदा वाचावे. कोकणात बहुतेकदा गुंठे कमी आणि नावे जास्त. वाटप न झालेल्या सामाईक जमिनीतला एकाचा हिस्सा घेतला, तर खरेदीदाराला ठरावीक तुकडा मिळत नाही. वाटप मागण्याचा हक्क मिळतो. म्हणजे लाखो रुपये मोजून माणूस परक्या घराण्याच्या भांडणात भाऊबंद म्हणून दाखल होतो. गडगा कुठे घालायचा, हे मग दिवाणी न्यायालय ठरवते, सवडीने.

शहाणे म्हणतात, आम्ही एनए घेतो, भानगडच नको. एनए म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. त्या कागदाने पाणंद रुंद होत नाही की विहिरीला झरा फुटत नाही. ‘सी-टच’ असेल तर आणखी गंमत. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर (2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या भागात 50 मीटर) नवे बंगले बांधायला मनाई आहे. स्पर्शाला परवानगी, घराला नाही! राहिला रोजगाराचा मुद्दा. तो मात्र खरा: कालचा खातेदार आज त्याच जमिनीवर वॉचमन. मे महिन्यात त्याच्या वाडीत टँकर, आणि साहेबांच्या पूलमध्ये निळेशार पाणी.

तरीही घ्यायचीच असेल तर इसार देण्याआधी ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचे नाव आहे का ते बघा, जुने फेरफार काढा, सरकारी मोजणी करून घ्या. आणि प्लॉट पाहायला डिसेंबरात नको, मे महिन्यात जा. पाणी कुठून येते ते एजंटला नव्हे, हंडा घेऊन चाललेल्या बाईला विचारा.