लकडगंजात तंत्रज्ञान शिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन लकडगंज या आरा मशिनींच्या वस्तीतल्या एखाद्या माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञान शिक्षकांसाठी आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही; मात्र त्यांच्या शाळेच्या आसपास आरा मशीन नसेल, तर पुढचे प्रयोग त्यांनी आपापल्या जबाबदारीवर करावेत.

रुजू झाल्या झाल्या लॅबची किल्ली मागू नये. लॅब आहे, हे मुख्याध्यापक अभिमानाने दाखवतीलच, पण खिडकीतून. किल्लीबद्दल शाळेत दोन मतप्रवाह असतात: शिपायाच्या मते ती ऑफिसात आहे, ऑफिसच्या मते शिपायाकडे. दोन्ही मतांचा आदर करावा. नीती आयोगाने 2016 साली अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवलं, ते सहावी ते बारावीच्या पोरांनी वस्तू हाताळाव्यात, जोडाव्यात, बिघडवाव्यात म्हणून. योजनेला बिघाड मान्य आहे, डेडस्टॉक रजिस्टरला नाही. तिथे 'मोडले' असं लिहायचं, तर शेजारी कुणाचं तरी नाव लिहावं लागतं. म्हणून थ्रीडी प्रिंटर उद्घाटनाच्या हारासह प्लास्टिकखाली सुरक्षित असतो. त्याची फिलामेंट दोन पावसाळे ओलावा पिऊन शेवयांसारखी कटकन तुटते, पण रजिस्टरात ती शाबूत असते आणि तपासणी रजिस्टराची होते.

दरम्यान वेळ कसा घालवावा, ही चिंता नको. 'सर, प्रोजेक्टर चालू नाही होऊन राहिला जी,' अशी हाक येईल. वायर सैल झालेली असेल. ती दोन मिनिटांत खोचून मोकळं होणारा शिक्षक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. मधल्या सुट्टीपर्यंत त्याच्या टेबलावर चार मोबाइल, एक टॅब आणि कुणाच्या तरी मुलीचं स्कॉलरशिपचं लॉगिन येऊन पडतं. किमान अर्धा तास लावावा, मध्ये एकदा 'ड्रायव्हर' म्हणावं. युडायस प्लस आणि अपार आयडी ही कामं आपलीच, कारण ती कॉम्प्युटरवर होतात. दाखल्यावर 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैश्नवी' असलेली मुलगी तीन वेळा पोर्टलवर नापास होते. तिला धीर द्यावा. उरलेल्या वेळात बदली तास असतातच.

एवढं करूनही शिकवण्याची खुमखुमी शिल्लक राहिली, तर शाळेबाहेर पडावं. अर्जात 'फिरायला नेतो' असं चुकूनही लिहू नये. 'क्षेत्रभेट' लिहावं आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधल्या दप्तराविना दहा दिवसांचा दाखला द्यावा. ते दिवस सहावी ते आठवीसाठी आहेत, म्हणून वर्गही तोच निवडावा. धोरणाचं नाव असलेला अर्ज नाकारायला धाडस लागतं. भेटीचं ठिकाण रस्ता ओलांडला की येतं. एसटी नको, डबा नको.

पहिली भेट आरा मशिनीवरच्या ओंडक्याची. पोरांना टेप द्यावा आणि एकाच ओंडक्याचं माप दोनदा काढायला लावावं. समजा घेर 4 फूट आणि लांबी 10 फूट. पुस्तकातल्या वृत्तचितीच्या सूत्राने उत्तर येतं 12.73 घनफूट. लाकडाच्या धंद्यातली जुनी रीत वेगळी: घेराला चारने भागा, वर्ग करा, लांबीने गुणा. उत्तर 10. पोरांचे डोळे मोठे होतील, एखादा म्हणेल, 'सर, हा तर गंडवून राहिला बे!' त्याला गप्प करू नये, मिस्त्रीकडे पाठवावं. पावणेतीन घनफूट सालीत, भुशात आणि बाजूच्या फळकुटांत जातं, हे मिस्त्री करवतीकडे बोट दाखवून सांगेल. ओंडका कुठलाही असो, या दोन उत्तरांचं गुणोत्तर 0.785 येतं, म्हणजे बरोबर पाय भागिले चार. आठवीला पाय फळ्यावर शिकवून होतो, पण त्यावर पैसे अडकलेले आहेत हे पोरं इथेच पहिल्यांदा बघतात.

ओढण्या खोचलेल्या असाव्यात, आखलेल्या रेषेच्या आत कुणी जाऊ नये. सुरक्षिततेचं भाषण मात्र करू नये. एखाद्या जुन्या मिस्त्रीचा हात पोरं बघतात, त्यावर किती पेरं उरली आहेत ते मोजतात आणि आपणहून दोन पावलं मागे सरकतात.

दुसरी भेट सीएनसी राउटरची, देव्हाऱ्याची जाळी कापणाऱ्या. तीन अक्षांवर सरकणारं डोकं आणि ओळीमागून ओळ सूचना: हे यंत्र शाळेतल्या प्रिंटरचं सख्खं भावंड आहे. एक कापून वस्तू करतं, दुसरं थर चढवून. चालवणारा मुलगा कदाचित तुमच्याच शाळेत नववीत बसला होता. त्याला 'सर' म्हणावं. तो लाजेल, पण फाइल उघडून दाखवेल.

हाताने काम करून शिकणं हे परदेशी खूळ आहे, असं कुणी स्टाफरूममध्ये म्हणालंच, तर वर्ध्याकडे बोट दाखवावं. 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला दिली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या शाळांसाठीच्या अभ्यासक्रमाने आठवड्यातला एक दिवस कामासाठी राखला. आपल्या वाट्याला एक तास येतो, आणि डिसेंबर उजाडला की गणिताचे सर तोही पोर्शनसाठी मागतात. द्यावा. संबंध टिकले पाहिजेत.

आता मुख्य प्रकल्प. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे तान्हा पोळ्यापर्यंत दोनेक महिने मिळतात. या दिवशी गल्लोगल्ली पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा मागतात. आपला नंदी स्वतः चालणारा करावा: चार चाकं, दोन मोटरी, एक अर्डुइनो, पुढे अल्ट्रासोनिक सेन्सर. समोर माणूस दिसला की थांबायचं आणि सर्वोवर मान हलवायची. हौसेने सागाचा नंदी कराल, तर किटमधल्या पिवळ्या गिअर मोटरीने तो जागचा हलणार नाही. पोरांना तो आधी सागाचाच करू द्यावा. टॉर्कचा धडा वाचून दाखवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मग ती आपणहून हलकं लाकूड शोधतात. मोटरीला अर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून वीज देऊ नये. वेगळी बॅटरी आणि मोटर ड्रायव्हर लावावा. मान फक्त वर-खाली हलेल असा प्रोग्राम लिहावा. आडवी मान हलवणाऱ्या नंदीला शिक्षकसभेत ठेवता येत नाही.

नंदी चालला की सगळ्यांना आवडतो. संस्थेचे अध्यक्ष त्याच्यासोबत फोटो काढतात, मुख्याध्यापक त्याच्यावरून हात फिरवतात आणि त्याच संध्याकाळी तो त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जातो, कुलूपबंद. म्हणून नंदी सुरुवातीपासून दोन करायला घ्यावेत, आणि दुसऱ्याची नोंद रजिस्टरात करू नये.