सीटचे डोहाळे

घोडा मेला आणि सायकलची सीट जन्माला आली, असं एका वाक्यात सांगता येतं. जॉन बोल्टबी ब्रुक्स हा मूळचा इंग्लंडमधल्या हिंकलीचा माणूस. १८६६ साली त्यानं बर्मिंगहॅममध्ये घोड्यांचे साज आणि इतर चामडी सामान बनवायचा धंदा सुरू केला. त्याची कंपनी आजही कौतुकानं सांगते ती गोष्ट अशी, की १८७८ साली त्याचा घोडा मेला, दुसरा घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते, म्हणून तो उसन्या सायकलवरून कामाला जाऊ लागला. त्या सायकलच्या सीटनं त्याचे असे काही हाल केले, की बरी सीट आता आपणच बनवायची, असं त्यानं मनावर घेतलं. १८८२ मध्ये पेटंटही मिळवलं. मोठे शोध डोक्यातून निघतात असं शाळेत शिकवतात. हा कुठून निघाला ते सांगायला नको.

गंमत म्हणजे ब्रुक्सनं शोधलेला उपायही सुरुवातीला छळतोच. या कंपनीची बी-१७ नावाची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकली जाते आहे आणि तिची घडण फारशी बदललेली नाही. आत फोम नाही, जेल नाही, स्पंज नाही. पोलादी सांगाड्यावर पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत सुमारे ५ मिलिमीटर जाडीचं कातडं ताणून रिव्हेटनं ठोकलेलं, आणि त्याखाली नुसती हवा. माणसाचं सगळं वजन त्या ताणावर. नवी सीट बोटानं दाबून पाहिली तर दबतं ते बोटच. मग शेकडो किलोमीटर वजन, ऊब आणि घाम मिळाला, की बैठकीच्या दोन हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात आणि सीट त्या एकाच माणसाची होऊन बसते. त्यानंतर ती कुणाला उसनी देऊ नये. देणाऱ्याचंही त्यात भलं नाही आणि घेणाऱ्याचं तर नाहीच नाही.

मराठी माणसाला हे प्रकरण तसं नवं नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. सीटचं कातडंही असंच, झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिननं कमावलेलं असतं. असं चामडं पाणी पितं, तेल पितं, ओलसर उबेत सैलावतं आणि वाळताना मिळेल तो आकार धरून ठेवतं. म्हणून नवी कोल्हापुरी आधी चावते आणि मग पायाची होते. फरक एवढाच, की चप्पल चावली तर चारचौघांत सांगता येतं.

चामडी सीटवाला पहिल्या महिन्यात लगेच ओळखू येतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो उभा राहून बोलतो आणि साहेबांना वाटतं, माणूस उत्साही आहे. फिक्या रंगाची पँट तो घालत नाही, कारण नव्या सीटचा रंग कापडाला लागतो आणि नेमका अशा ठिकाणी लागतो, की खुलासा करावा तितका संशय वाढतो. ‘त्रास होतो का?’ असं विचारलं तर ‘छे, बसतेय हळूहळू’ म्हणतो. कोण कुणाला बसतंय, हे मात्र तो स्पष्ट करत नाही.

सीटच्या पाठोपाठ घरात येते ती मलमाची डबी. ब्रुक्सच्या मलमाचं नाव प्रूफाइड. जनावराची चरबी, कॉड माशाचं तेल, मधमाश्यांचं मेण, आणि या मंडळींचा वास झाकायला सिट्रोनेलाचं तेल. सिट्रोनेला हे गवती चहाच्याच कुळातलं गवत, त्यामुळे झाकण उघडलं की स्वयंपाकघरातून आजी हजर.

“कसला रे इतका छान वास? इथं ठेव की चहाच्या डब्याशेजारी.”

“नको गं आजी, सीटचं पॉलिश आहे.”

“पॉलिशला गवती चहा? साहेबाचं सगळंच उलटं.”

शाकाहारी घरात याहून अधिक माहिती पुरवण्याचं धाडस कुणी करत नाही. डबी निमूटपणे गॅलरीत, हवेच्या पंपाशेजारी जाते.

वापरायचं म्हणाल तर काम मिनिटा-दोन मिनिटांचं. सीट नवी असताना वरून पातळ हात फिरवायचा आणि खालच्या कोऱ्या बाजूलाही एकदा लावायचं. थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं. पुढे वर्षातून दोन-चार वेळा पुष्कळ झालं. पण ज्या सीटला वर्षातून चार वेळा हात लावला तर भागतं, तिला दर रविवारी हात लावल्याशिवाय हौशी माणसाला राहवत नाही. निष्काळजी माणसाकडे चामडी सीट वर्षानुवर्षं कोरडी पडून राहते, फार तर भेगाळते. हौशी माणसाकडे ती लाडानं बिघडते. मलम जास्त झालं की कातडं मऊ होतं, मधून खचतं, बाजूंना फाकतं आणि मांड्यांना घासायला लागतं. मग कडेला भोकं पाडून, खालून नाडी ओवून तिला आवळायची वेळ येते. असं आवळणारे लोक खरोखर आहेत, आणि त्यांच्याशी नाडी कोणती घ्यावी यावर कितीही वेळ बोलता येतं.

तेल-मलमाच्या बाबतीत थोरामोठ्यांतही एकवाक्यता नाही. शेल्डन ब्राउन हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले नामांकित सायकल मेकॅनिक. २००८ साली ते वारले, पण सायकलीच्या एकेका नटावर त्यांनी लिहून ठेवलेलं आजही जगभर वाचलं जातं. नवी सीट लवकर माणसाळवण्याचा एक टोकाचा उपाय त्यांनी सांगितला आहे. सीट उलटी करून अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये चापून बसवायची, आत गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल ओतायचं आणि अर्धा ते एक तास भिजत ठेवायची. उरलेलं तेल परत डब्यात! हे शेवटचं वाचून पुणेकराच्या मनात ब्राउनसाहेबांविषयी आदर दुणावतो. ब्रुक्सवाले मात्र आमच्या मलमाशिवाय दुसरं काही लावू नका म्हणतात. त्यांना मलम विकायचं आहे हे खरं, तरी या वादात त्यांचीच बाजू बरी वाटते. घाईनं मऊ केलेलं कातडं पुन्हा कडक करायचा काहीच उपाय नाही.

सीटचा खरा वैरी पाऊस. भिजलेल्या कातड्यावर बसून माणूस सायकल हाणत राहिला, की ते ताणतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. वरून पडणारं पाणी दिसतं तरी; मागचं चाक जे खालून फवारतं ते दिसत नाही, आणि सीटची खालची बाजू तर अगदी उघडी. त्यामुळे पहिला इलाज मडगार्ड, दुसरा टोपी. कंपन्या सीटसाठी खास टोप्या विकतात, पण हॉटेलच्या बाथरूममधली फुकट शॉवर कॅप तेच काम करते हे सायकलवाल्यांनी केव्हाच हेरलं आहे. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्यांवर, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किंवा चाळीस तासांत ६०० किलोमीटर जाणाऱ्या मंडळींत चामड्याची सीट आवडीनं वापरतात. भर पावसात असा गडी स्वतः नखशिखान्त भिजतो आणि चहाच्या टपरीवर थांबला की आधी सीटला टोपी चढवतो. चहावाला एकदा टोपीकडे बघतो, एकदा याच्या डोक्याकडे, आणि न विचारता कटिंगमध्ये आलं जास्त टाकतो.

भिजलीच, तर सावलीत आपोआप वाळू द्यायची. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. घाईनं तापवलेलं चामडं कडक होऊन तडकतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये काहीही आपोआप वाळत नाही ही अडचण इंग्रजांच्या लक्षात आलेली दिसत नाही. कोकणात तर बंद खोलीतल्या सीटवर आठवड्याभरात हिरवट-पांढरी बुरशी उगवते. ती कोरड्या फडक्यानं पुसावी, सायकल वाऱ्याला ठेवावी, आणि पंख्याखाली आधी मुलांचे युनिफॉर्म वाळवायचे की सीट, हा प्रश्न घरात मताला टाकू नये.

आता उरला तो नट. सीटच्या नाकाखाली एक नट असतो. कातडं काळानं सैलावलं की तो फिरवून पुन्हा ताण देता येतो. त्यासाठी एक खास चपटा पाना मिळतो, आणि सगळं नुकसान त्या पान्यापासून सुरू होतं. पाना हातात आहे म्हटल्यावर पिळायला नको? वास्तविक पाव फेरा पुरे, तोही क्वचित. नवीन सीटला तर त्याची गरजच नसते. पण कडक वाटली म्हणून पिळणारे आहेत, सैल वाटली म्हणून पिळणारे आहेत, आणि रविवार आहे म्हणून पिळणारेही आहेत. फार ताणलेलं कातडं रिव्हेटपाशी फाटतं. नाक्यावरचा सायकलवाला अशी सीट पाहतो, काही बोलत नाही, फक्त पाना मागून घेतो.

बी-१७ चं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. शर्यतीच्या हलक्या सीटा दोनशे ग्रॅमच्याही खाली येतात. शिवाय डबी, पाना, फडकं, टोपी हा लवाजमा वेगळा. २०१३ साली ब्रुक्सनंच यातून सुटका करणारी कँबियम नावाची सीट काढली. वर सुती कापड, खाली रबर. मलम नको, पावसाची भीती नको, महिनाभर कण्हणं नको. दुकानदार हे गुण एकेक करून सांगतो. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं, सीट बोटानं दाबून पाहतं, ती जराशी दबलेली पाहून नाक मुरडतं आणि विचारतं, “ते ठीक आहे हो, पण हिला लावायचं काय?”