एका दुकानात दोन कलेक्टर

वाकाटकांच्या दोन गाद्या एकाच काळात नांदल्या. एक नागपूरकडे नंदिवर्धनला, दुसरी आमच्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिमात. पहिल्या प्रवरसेनानंतर त्याच्या मुलाने, सर्वसेनाने, इकडे वेगळी चूल मांडली. मुलूख वेगळे, म्हणून जमलं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला, तेव्हाही नवा कलेक्टर देताना सरकारने जिल्हा आधी वेगळा काढून दिला. एवढी अक्कल सरकारला होती. माझ्या भाच्याला नव्हती.

भाऊजींचं वाशिमला कृषी सेवा केंद्र आहे. जून महिना, सोयाबीनची पेरणी तोंडावर, दारात बियाण्यासाठी रांग. मागच्या गोदामात वायफाय पोचेना, म्हणून पुण्याहून आलेल्या भाच्याने आपल्या खोलीवरचा जुना राउटर आणला, दुकानातल्या राउटरची केबल त्यात खुपसली आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत बिलाच्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडेनासा झाला. गिऱ्हाइकाचं पेमेंट नुसतं गोल फिरत राहिलं. "मामा, नेट त फुल दावते, पन काईच उघळत नाई," दुकानातला पोऱ्या म्हणाला. भाऊजींनी अखिल भारतीय उपाय फर्मावला: सगळं बंद करून चालू करा. केलं. आधी दोन यंत्रं अडली होती, आता चार अडली.

त्यात नवल काही नाही. नेटवर्कात आलेलं यंत्र आधी हाळी देतं, "मला नंबर द्या!" तो देणाऱ्याचं नाव डीएचसीपी सर्व्हर. ही पद्धत १९९३ ची. त्याआधी बऱ्याच ठिकाणी माणूस बसून एकेका यंत्रात नंबर भरायचा. आता प्रत्येक घरगुती राउटरमध्ये हा कलेक्टर जन्मजात बसलेला असतो. आणि हाळीला दोघांनी ओ दिली, तर यंत्र सहसा पहिल्या उत्तराला भुलतं. खरा कोण, तोतया कोण, ते विचारत नाही. दुकानातला राउटर १९२.१६८.१ चे नंबर वाटत होता, पुण्याचे साहेब १९२.१६८.० चे. शिवाय साहेब प्रत्येकाला सांगत, "बाहेर जायचं तर माझ्यामार्फत." त्यांच्या मागे मात्र इंटरनेटची तारच नव्हती! ज्यांच्याकडे जुना नंबर होता त्यांचं काम सुखाने चाललं होतं. भाऊजींच्या उपायामुळे तेही नव्याने रांगेत लागले आणि निम्मे पुणेरी खिडकीवर गेले.

"पण पुण्यात तर झकास चालायचा," भाचा म्हणाला. चालणारच. तिथे तो एकटाच कलेक्टर होता. बदलीच्या गावी जाताना जुन्या जिल्ह्याचा शिक्का ठेवून यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रांगेतले एक काका बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन म्हणाले, "काढ बावा थे डबडं." अख्ख्या दुकानात अचूक निदान तेवढंच.

डबडं काढलं. केबल न लावता ते एकट्या लॅपटॉपला जोडलं. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, हा नंबर दुकानातला राउटर दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, एवढं पाहून घेतलं. मग नव्या पत्त्यावरून आत शिरून डीएचसीपी बंद केला. हा क्रम उलटा केला तर लॅपटॉपलाच नंबर मिळत नाही आणि आपण दाराबाहेर. शेवटी दुकानातली केबल लॅनच्या भोकात घातली, वॅनचं मोकळं ठेवलं. काही राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाची कळ असते, ती हे सगळं एका दमात करते. या डबड्यात नव्हती.

गोदामात नेट आलं, प्रिंटर घरी परतला, पुण्याचे साहेब नुसते वायफाय पोचवू लागले. तुमच्याकडेही असा जुना राउटर पडला असेल, तर केबल लावण्याआधी त्याचा अधिकार काढून घ्या. आणि मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालण्याची हौस असलेल्या भाच्यावर नजर ठेवा. रीसेट झाला की डीएचसीपी परत सुरू होतो.