साहित्य: डोकं एक, शक्यतो दुसऱ्याचं

पाककृतीच्या पुस्तकात आधी साहित्य देतात आणि मग कृती. आपणही तसंच करू. साध्या तिपेडी वेणीसाठी लागणारं साहित्य: खांद्याखाली उतरणारे केस, रुंद दातांचा कंगवा एक, शेपटीचा कंगवा एक, दोन रबरं, चार काळ्या पिना, बोटभर खोबरेल आणि डोकं एक, शक्यतो दुसऱ्याचं. स्वतःच्या डोक्यावर शिकायला जाऊ नये. आरशात डावं-उजवं उलटं होतं, मागे नेलेले हात तिसऱ्या मिनिटाला भरून येतात आणि वेणी वाकडी झाली तर दोष द्यायला समोर कोणी नसतं.

बायकोला सकाळची ड्यूटी लागली आणि दुसरीतल्या कन्येचं डोकं माझ्याकडे आलं, त्याला आता दीड वर्ष होईल. एवढ्या अनुभवावर लोकांना शिकवायला निघालास का, असं आईनं विचारलं. ती साठ वर्षं वेण्या घालते आहे. साठ वर्षं वेण्या घालणाऱ्या माणसाला त्यावर लिहावंसं वाटत नाही, दीड वर्षवाल्यालाच वाटतं.

पायरी पहिली: डोकं ताब्यात घेणं. ही पायरी सगळे शिक्षक गाळतात. मोबाइलवरच्या चित्रफितीत एक मुलगी पाठमोरी बसलेली असते. ती शिंकत नाही, तिला तहान लागत नाही, मान इंचभरही हलत नाही. हा पुतळा असावा असा मला संशय होता, आणि एकदोनदा तो खरोखरच पुतळा निघाला. घरातलं डोकं पोहे खात असतं. त्यातले शेंगदाणे आधी वेचायचे असल्यामुळे ते खाली वाकतं, मग वर येतं, मग स्वयंपाकघरात काय पडलं ते बघायला नव्वद अंशांत वळतं. व्हॅनचा हॉर्न वाजायला अकरा मिनिटं उरलेली असताना त्याला आठवतं की आज शाळेत पाच प्रकारची पानं न्यायची आहेत. नवशिक्यांनी अशा वेळी पेड सोडू नयेत. पेड हातात धरून डोक्याच्या मागोमाग बाल्कनीत जावं, कढीपत्ता आणि तुळस मिळवावी, तसंच परत यावं.

पायरी दुसरी: गुंता. माझ्यासारखे लोक कंगवा टाळूवर ठेवतात आणि नांगर धरल्यासारखा खाली ओढतात. त्यानं वरच्या सगळ्या गाठी खाली जमून एकच मोठी गाठ होते आणि घरात एक किंकाळी. गुंता शेंड्याकडून सोडवायचा असतो. आधी शेवटची चार बोटं, मग त्याच्या वरची चार, असं चढत जायचं आणि वरचे केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळांपर्यंत पोचत नाही. न्हालेले केस ओलेच विंचरून करकचून बांधू नयेत. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतोही लवकर. पहिल्या आठवड्यात कंगव्यात निघालेला पुंजका पाहून मी हादरलो होतो. मग कळलं की डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळणं रीतसर आहे. तेव्हापासून मी मोजत नाही. कन्या मोजते.

पायरी तिसरी: तीन पेड. उजवा मध्ये, डावा मध्ये, उजवा मध्ये, डावा मध्ये. संपलं. खरंच एवढंच आहे आणि म्हणूनच चिडायला होतं. मला ते समजलं गोव्यात शिगम्याचा गोफ बघताना. वर एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांचं एकेक टोक हातात घेऊन माणसं तालावर एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात आणि वर वेणी विणली जाते. मग तीच माणसं उलट्या पावलांनी फिरतात आणि वेणी जशी आली तशी सुटते. एमिल आर्टिन नावाच्या गणितज्ञानं 1925 साली वेण्यांचं रीतसर गणित मांडलं, त्यातही प्रत्येक वेणीला एक उलटी वेणी असते आणि दोन्ही एकापुढे एक जोडल्या की सगळे पेड सरळ होतात. गणितात होतात. आमच्याकडे टोकाला रबर असतं.

पायरी चौथी, रबर. नोटांच्या पुडक्याचं रबर केसांना लावू नये, हे मला कोणी सांगितलं नाही. कापडाचं वेष्टण असलेलं घ्यावं. साधं रबर संध्याकाळी केसांत रुतून बसतं आणि ते काढायला कात्री आणण्याचा विचार आपल्यालाच सुचतो. मी चार सेंटिमीटरची एक बट कापली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे चार महिने. आत्याचं लग्न दोन महिन्यांवर होतं. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत कन्येच्या उजव्या कानामागून एक बट बाणासारखी बाहेर आलेली आहे आणि नातेवाईक अजून विचारतात, ही नवीन फॅशन का?

इथवर आलात तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत. आता वेगळं काहीतरी करायची हौस येईल. येऊ द्या, पण रविवारी.

सागरवेणी ही तिपेडीचीच थोरली बहीण. कपाळामागचे थोडे केस घेऊन तीन पेड करायचे आणि कडेचा पेड मध्ये आणताना दर वेळी त्या बाजूची एक बारीक बट त्यात मिसळायची. नदीला ओढे मिळावेत तसे केस मिळत जातात आणि मानेपाशी सगळे एकाच वेणीत येतात. पेड मधल्याच्या वरून नेण्याऐवजी खालून नेला तर तीच वेणी डोक्यावर उठून दिसते. मला ही उलटी सागरवेणी पहिल्याच फटक्यात जमली, कारण मी सरळ घालत होतो. खजुरी वेणीत पेड दोनच. उजव्या भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट उचलून डाव्या भागाला द्यायची, मग डावीकडची उजवीला. दिसते फार सुंदर, संपत मात्र नाही. बट जितकी बारीक तितकी वेणी रेखीव, आणि तितकी व्हॅन लांब गेलेली.

पुरुषमंडळींना मी पिळाची वेणी सुचवेन. केसांचे दोन भाग करा, दोन्हींना उजवीकडे पीळ द्या आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळा. हा पीळ आणि गुंडाळण्याचा पीळ एकाच दिशेचे दिले तर हात सोडताच सगळं सुटतं. उलटसुलट दिले तर एक पीळ दुसऱ्याला उकलू देत नाही. काथ्याचा दोर याच युक्तीवर टिकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मला चाळिशीत कळला. चौपेडीत कडेचा पेड शेजारच्यावरून, पुढच्याखालून, शेवटच्यावरून न्यायचा, दर वेळी त्याच कडेनं सुरुवात करून. पाचपेडीबद्दल मी काही बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. घट्ट वेणी म्हणजे चांगली वेणी, असं शाळेला वाटतं. भुवया वर ओढल्या जाईपर्यंत रोज केस ताणले तर कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर तिथे पुन्हा येतही नाहीत. ‘दुखतंय’ या शब्दाचा अर्थ सैल करा असा आहे, ‘गप्प बस’ असा नाही.

आता सजावट. नियम एकच, डोक्यापेक्षा गजरा जड होऊ देऊ नये. जुन्या दागिन्यांत मूद, राखडी, केतक असा सोन्याचा सगळा संच डोक्यावर चढायचा. आईनं कपाटातून तिच्या आजीची मूद काढून दिली तेव्हा मला आधी वरणभातच आठवला. ती अंबाड्यात खोचायची असते. फुलांमध्ये नवशिक्यांनी आबोली घ्यावी. तिला वास नाही, पण ती लवकर मान टाकत नाही, आणि गोव्या-कोकणातल्या बायका काय ते जाणून तिचे वळेसर माळत आल्या आहेत. मोगरा संध्याकाळच्या कार्यक्रमाला. सुरंगी मिळाली तर काही विचारू नका. वेंगुर्ल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी ती थेट फांदीला लगडते, पहाटे काढावी लागते आणि सुकल्यावरही घमघमते. शेवंतीची वेणी केळीच्या सोपात गुंफलेली असते, तिला दोन्ही टोकांना आकडे लावावे लागतात. ते आकडे केसांत खोचा, टाळूत नको. यातला फरक मी शिकलो, कन्येनं शिकवला.

नऊवारीवर खोपा हवाच. मानेवर केस बांधायचे, त्यांच्या मुळाशी आधार द्यायचा, पूर्वी गंगावन असे, हल्ली स्पंजची कडी मिळते. त्यावरून केस पसरून झाकायचे, टोकं खाली वळवून पिनांनी पक्की करायची, वर जाळी, भोवती गजरा. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी हे पाऊण तास केलं. खोपा हाच शब्द आपण सुगरण पक्ष्याच्या घरट्यालाही वापरतो आणि बहिणाबाईंमुळे त्याचं सगळं श्रेय आपण सुगरणीला देऊन बसलो आहोत. खरं म्हणजे तो खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, आतून-बाहेरून तपासते आणि पसंत पडला नाही तर काही न बोलता निघून जाते. कन्येनं माझा खोपा दोन आरशांत मागून पाहिला, जरा हलवून बघितला आणि आजीकडे गेली.

पुरुषांनी यात पडावं का, असा प्रश्न अजूनही काही घरांत निघतो. तेव्हा शास्त्राधार असलेला बरा. प्रयागला वेणीदान करतात, त्यात त्रिवेणी संगमावर नवऱ्यानं स्वतः बायकोची वेणी घालायची आणि शेंड्याचं टोक कापून नदीला अर्पण करायचं असतं. आमचे काका तिथे जाऊन आले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी काकूच्या केसांना हात लावला आणि चार पेड केले. भटजींनी तीन चालतील म्हणून सांगितलं. दुसरा आधार भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकाचा. तिथला संहार म्हणजे नाश नव्हे, बांधणं. दुःशासनानं ओढलेले द्रौपदीचे केस भीम स्वतःच्या हातांनी बांधतो, पण त्याआधी सहा अंक आणि अख्खं कुरुक्षेत्र लागतं. एका वेणीला एवढा वेळ आणि एवढी माणसं लागल्याचं वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या पहिल्या महिन्यातल्या वेण्या मात्र निव्वळ मराठी अर्थानं संहारच होत्या.

शाळेच्या दिवशी यातलं काहीही करू नका. मधोमध सरळ भांग, दोन तिपेडी वेण्या, कानामागे दुमडून वर बांधलेल्या, लाल रिबिनीचं फूल. माझा आताचा वेळ नऊ मिनिटं, पानं गोळा करायची नसतील तर. भांग नागमोडी गेला तर बाईंना दिसत नाही, आजीला दिसतो. आणि रिबिनी रात्रीच धुऊन ओल्या असतानाच काचेच्या बाटलीला घट्ट गुंडाळून ठेवा, सकाळी त्यांना इस्त्री लागत नाही.