ज्याचा माल, त्याचाच पंच

आषाढी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जपानी शास्त्रज्ञ वारीला निघतो. एकादशीचा उपवास शरीर कसं शुद्ध करतो हे सिद्ध केलं म्हणून म्हणे त्याला नोबेल मिळालं. शास्त्रज्ञ खरा, योशिनोरी ओसुमी. नोबेलही खरं, २०१६ चं. फक्त उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला, आणि त्याला भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी यातलं काहीच मिळालं नव्हतं.

पेशीची उपासमार झाली की ती आपल्यातलाच मोडका माल फोडून त्यावर गुजराण करते. हीच ऑटोफॅगी. ओसुमींनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तिच्यामागची जनुकं हुडकली. इथवर सगळं ठीक. गंमत आहे ती पुराव्यात.

माणसाच्या पेशीत हा उद्योग चाललाय का, हे बघायला एलसी-३ नावाचं प्रथिन हुडकतात. ते धरायला अँटिबॉडी लागते, ती बाटलीत विकत मिळते. प्रथिनं आकारमानाप्रमाणे जेलमध्ये वेगळी करायची, पटलावर उतरवायची, वर अँटिबॉडी सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे पट्टी दिसते. एलसी-३ च्या दोन पट्ट्या अपेक्षित असतात. चार उमटल्या की पंचाईत, यातल्या खऱ्या कुठल्या?

त्यावर उताराही विकत मिळतो : ब्लॉकिंग पेप्टाइड. म्हणजे प्रथिनाच्या ज्या तुकड्यावरून अँटिबॉडी तयार केली तोच तुकडा, निराळी किंमत लावून. तो आधी अँटिबॉडीत मिसळायचा. तिची पकड त्यानेच भरते आणि पट्टी गायब होते. झालं, माल अस्सल! अहो, पकड भरल्यावर ती खरं प्रथिन धरणार नाही, तसं त्याच पकडीत चुकून अडकणारं भलतंही धरणार नाही. खऱ्या-खोट्या दोन्ही पट्ट्या पुसल्या जातात. कळलं काय, तर अँटिबॉडी आपल्या तुकड्याला ओळखते. सख्ख्या भावाने दिलेला चारित्र्याचा दाखला तो हाच.

खरी कसोटी वेगळी. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, तिच्यावर अँटिबॉडी सोडा. प्रथिन नसताना पट्टी उमटली, तर पितळ उघडं. ओसुमींना नोबेल मिळालं त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी पारखायचे पाच मार्ग सांगितले. त्यांत जनुक काढून बघणं आहे, ब्लॉकिंग पेप्टाइड नाही. कॅटलॉगात मात्र ते ऐटीत बसलंय.

बीडकरांना हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ऊसतोडीच्या बाईचं पोट दुखतं. एकच डॉक्टर सोनोग्राफी बघतो, गर्भपिशवी खराब झालीय म्हणतो, कॅन्सरची भीती घालतो, पिशवी काढतो आणि बिलही करतो. निदान बरोबर होतं का, हे विचारायचं कोणाला? त्यालाच! दुसरीकडे दाखवायला जावं, तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला : जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. त्यातल्या किती गरजेच्या होत्या? सांगणार कोण, पुरावाच काढून टाकलाय.

त्याच सुमारास प्रशासनाला जाग आली. खासगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असं ठरलं. म्हणजे ज्याचं बिल निघत नाही, असा कोणीतरी मध्ये आला. एवढं साधं शहाणपण सुचायला तेरा हजारांवर पिशव्या जाव्या लागल्या.

तरी हुरळून जाऊ नका. बाईला न तपासता, त्याच दवाखान्याची तीच सोनोग्राफी बघून सही होणार असेल, तर तेही ब्लॉकिंग पेप्टाइडच, फक्त सरकारी शिक्क्याचं. म्हणून परवानग्या किती दिल्या हे विचारत बसू नका. नाकारल्या किती, ते विचारा. उत्तर शून्य आलं, तर समजा की तपासणी झालेलीच नाही.