ज्येष्ठतेनुसार बढती

नाशिकला सायकलचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून तर आमच्याकडे पहाटे कुणी नुसता पायी फिरताना दिसला की लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. मी या वेडापासून निवृत्तीपर्यंत शर्थीने लांब राहिलो. मग एकदा मोबाइलवर बीएमएक्सची शर्यत बघितली आणि कळलं की सायकलीत असाही एक प्रकार आहे, जो चाळीस सेकंदांत आटपतो. म्हटलं, हा खेळ आपल्याला झेपेल. म्हणजे शिकवायला झेपेल.

बीएमएक्स हे सायकलवरचं मोटोक्रॉस. १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटरसायकलवाल्यांची नक्कल म्हणून आपल्या चिमुकल्या सायकली मातीच्या उंचवट्यांवरून हाणू लागली, आणि हा धुडगूस २००८ला बीजिंगमध्ये थेट ऑलिम्पिकला जाऊन पोचला. लाटवियाच्या मारिस स्ट्रोम्बर्ग्सने तिथे सुवर्णपदक मारलं आणि २०१२ला लंडनला पुन्हा मारलं. वीस इंची चाकं, गिअर नाही, ब्रेक एकच आणि तोही मागचा. उंच उताराच्या माथ्यावर आठ जण ओळीत उभे राहतात, समोरचं फाटक पुढे आडवं पडतं, की तीन-चारशे मीटर नुसते उंचवटे, उड्या आणि वळणं.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राजवळच्या आमच्या वसाहतीत वीस इंची सायकलींना तोटा नव्हता. दुकानदार जाड टायरच्या प्रत्येक सायकलीला बीएमएक्सच म्हणतो. पोरांना सुट्टी होती, मला तर कायमचीच होती. एका बिल्डरने टाकून दिलेल्या मुरमाचे ढीग आयतेच पडले होते. फावडं घेऊन पोरांनी त्याचे उंचवटे केले, मी सावलीत उभा राहून दिशा दाखवली.

आता या खेळात एक शिस्त आहे. पोरांचे वयाचे गट असतात आणि त्यातही नवशिके, मधले, तरबेज अशा पायऱ्या. खालच्या पायरीवर ठरावीक शर्यती जिंकल्या की वर जावंच लागतं. तिथेच बसून वर्षानुवर्षं करंडक गोळा करता येत नाहीत. हे वाचून मी विचारात पडलो. मी हयात ज्या कचेरीत काढली (नाव कशाला घ्या), तिथे जिंकून वर गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. टिकला तो वर गेला. तेव्हा मी पोरांची रीतसर सेवाज्येष्ठता यादी तयार केली. मैदानात पहिल्यांदा कोण आलं त्याप्रमाणे क्रम, वरचे चार ‘स्पर्धा गटात’, बाकीचे ‘शिकाऊ’. यादी पाण्याच्या टाकीवर डकवली आणि खाली लिहिलं : हरकती सात दिवसांत लेखी द्याव्यात.

हरकती तोंडी आल्या, त्याही आयांच्या. आणि यादीवर नाहीच, सायकलींवर आल्या. शर्यतीच्या सायकलीला स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर असलं काही चालत नाही. पडताना पोटात घुसतं. मी पाना घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत एक सोडून साऱ्या सायकली उघड्या केल्या. रात्री दारात मोर्चा. “काका, कॅरिअर काढलंत, आता दळण काय डोक्यावरून आणू?” पोरांची सायकल ही त्या घरातली मालवाहतूक आहे, हे निवड समितीच्या (म्हणजे माझ्या) ध्यानात आलं नव्हतं. निम्मी कॅरिअरं मी रातोरात परत बसवली. सहावीतल्या एका मुलीच्या आईने तर सायकलीला हातच लावू दिला नव्हता. ती मुलगी सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून यादीतही तळाला होती. मी म्हटलं, राहू दे कॅरिअर, तिला कुठे वर जायचंय!

मग नंबरच्या पाट्या. जगभर या खेळात एक नंबरच्या पाटीसाठी पोरं जीव टाकतात. आमच्याकडे एक आणि दोन कुणी घेईना. मी चक्रावलो. शेवटी चौथीतल्या एकाने समजावलं, “काका, एक आणि दोन बंद पडलेत ना!” औष्णिक केंद्राचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच कधीच मोडीत निघाले, चालतात ते २१०चे तीन, नंबर तीन, चार आणि पाच. ज्यांचे वडील-आजोबा त्या संचांवर पाळ्या करत आले, ती पोरं मोजायला तीनपासूनच सुरुवात करणार. तीनच्या पाटीवरून मारामारी झाली. एक आणि दोन मी माझ्याकडे ठेवल्या.

फाटक म्हणून एक जुना दरवाजा बिजागऱ्यांवर बसवला होता, दोरी सोडली की पुढे पडायचा. खरी गंमत फाटकावरच असते. पुढचं चाक फाटकाला टेकवायचं, दोन्ही पाय पॅडलवर, पॅडल आडवी, आणि जमिनीला पाय न लावता तोल धरून उभं राहायचं. आवाज येतो, “रायडर्स रेडी, वॉच द गेट”, आणि मग एक-दोन सेकंद मागेपुढे करून टूं-टूं होतं, म्हणजे कुणाला आधीच अंदाज घेता येऊ नये. ती टूं-टूं मी मोबाइलमध्ये घालून ठेवली होती. पोरांना तोल साधेना, म्हणून मी म्हटलं, सरका, मी दाखवतो.

वीस इंची सायकलवर माझ्या वयाचा आणि वजनाचा माणूस बसला की गुडघे हँडलच्या वर येतात. दोन पोरांनी मला दोन्हीकडून धरलं, तिसऱ्याच्या हातात दोरी आणि मोबाइल. “तोल हा मनात असतो,” असं मी म्हणत होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला. तो आमच्या हिचा फोन होता. दोरीवाल्याला वाटलं, टूं-टूं झालं. फाटक पडलं, धरणाऱ्यांनी प्रामाणिकपणे हात सोडले आणि मी निघालो. मला सवय स्कूटरची. दोन्ही हातांनी ब्रेक दाबायला गेलो, तर पुढचा ब्रेक मीच आदल्या दिवशी काढलेला. पहिला उंचवटा मी सायकलसह ओलांडला, दुसरा सायकलशिवाय. मुरमाच्या ढिगावर पालथा पडलेलो असताना मोबाइल पोराने कानाला लावला. पलीकडून आवाज आला, “अहो, येताना दही आणा.”

प्रात्यक्षिक तिथेच थांबलं. पुढचे काही दिवस मी खुर्चीतून शिकवलं, गुडघ्याला हळदीचा लेप लावून. शहरात मुलांच्या सायकल स्पर्धा भरवणाऱ्या एका मंडळाकडे आमच्या स्पर्धा गटासाठी विचारणाही केली. त्यांच्याकडे गट वयाचे होते आणि रस्ता डांबरी. वीस इंची सायकलींना सगळ्यांत छोटा गट, तिथे शेवटच्यालाही मेडल. माझ्या ज्येष्ठ चौघांना बालवाडीत टाकल्यासारखं वाटलं. पोरांना मेडलचं ऐकून आनंद झाला, तो मी दाबून टाकला आणि घरच्याच मैदानावर शर्यत जाहीर केली.

शिकाऊ गटात ती सहावीतली मुलगी जिंकली. मग दुसऱ्यांदा जिंकली. पोरांनी गलका केला, हिला वर घ्या. मी यादीकडे बोट दाखवलं. पोरं म्हणाली, काका, यादी पावसात गेली. मग घेतलं. फाटक पडलं, पहिल्या उंचवट्यापर्यंत आमचा ज्येष्ठतम स्वार, म्हणजे तीन नंबरची पाटी, पुढे होता. उंचवट्यांवर त्याची सायकल हवेत जायची, धप्पकन पडायची, पुन्हा जायची. मुलगी उडतच नव्हती. सीटवरून जराशी उठलेली, गुडघे सैल, कोपरं सैल, उंचवटा आला की सायकल अंगाखाली वर येऊ द्यायची, उतार लागला की हातापायांनी खाली दाबायची. अंग जागच्या जागी, सायकल तेवढी लाटेवर. कॅरिअर खडखडत होतं. दुसऱ्या वळणावर ती पुढे आणि पाटी नंबर तीन सगळ्यांत मागे.

याला या खेळात पंप म्हणतात. पॅडल न मारता उंचवट्यांतूनच वेग काढायचा. हेच मी खुर्चीतून घसा फोडून सांगत आलो होतो. हिला विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, गिरणीच्या रस्त्यावर गतिरोधक आहेत ना, डबा सांडला की आई ओरडते. पाच किलो पिठाचा डबा, झाकणाला जुनी नाडी बांधलेली, आणि रोजची फेरी. माझ्या यादीत ती तळाला होती आणि हा खेळ ती गिरणी लागली तेव्हापासून खेळत होती.

संध्याकाळी पाटी नंबर तीनचे वडील आले. “त्याला खालच्या गटात टाका, तिथे पहिला येईल तो.” पदावनतीचा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पोराला विचारलं. तो म्हणाला, “नको, मला हिच्या मागेच राहायचंय. कुठे उठते, कुठे दाबते ते मागूनच दिसतं.” वडील म्हणाले, याला काही कळत नाही. माझं मत उलटं आहे : खाली जिंकून पोर कंटाळलं असेल तर त्याला वर न्यावं, आणि बाप कंटाळला नसेल तर त्याला फावडं द्यावं. फावड्याचं ऐकून ते गेले. मुलीची बढती मी पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर केली. तेवढा अधिकार यादीत मी राखून ठेवलाच होता.

सध्या फाटकावर आठ जण सहज उभे राहतील एवढी पोरं आहेत, सायकली तेवढ्या नाहीत. तेव्हा नाशिक रोड, सामनगाव, चेहेडी, ओढा या बाजूला कुणाच्या जिन्याखाली वीस इंची सायकल गंजत पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकलहऱ्याला धाडा. सोबत तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट असेल तर आधी ते धाडा. कॅरिअर काढू नका.