दिवाणखान्यातला पिस्टन

पिस्टन मोटारीत असतो तोवर घरात त्याचं नाव निघतं ते फक्त गॅरेजचं बिल आल्यावर. गाडी भंगारात गेली, की त्याच पिस्टनला घासूनपुसून, पोटात घड्याळ बसवून टीव्हीशेजारी मानाची जागा मिळते. उभी हयात मिनिटाला दोन-तीन हजार वेळा खालीवर करणारा हा गडी आता सेकंदकाट्याची टिकटिक सांभाळत बसतो. निवृत्त हेडक्लार्कला सोसायटीचा सचिव करावा, तसं!

माझा थोरला मावसभाऊ याच पंथातला. त्याच्याकडे चहा येतो तो इंजिनच्या ब्लॉकवर काच टाकून केलेल्या टीपॉयवर. ब्लॉक अस्सल बिडाचा. एकदा ठेवला तो ठेवला; केर काढणाऱ्या बाई तीन बाजूंनी झाडू फिरवतात, चौथी बाजू देवावर सोडलेली आहे. काच थेट ब्लॉकवर टेकू नये म्हणून खाली रबरी बूश लावलेत, त्यामुळे बोटभर फट राहिलीय. त्या फटीतून नातवाची एक गोटी आत गेली, सिलिंडरभोवती पाणी खेळायच्या पोकळीत उतरली आणि तिथेच राहिली. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लॉक उपडा करायला मात्र कोणी पुढे येत नाही.

वहिनींची तक्रार गोटीबद्दल नाही. "अहो, गाडी विकली तेव्हा म्हणालात, पार्किंगची कटकट मिटली. आणि आता ती हॉलमध्येच आणून लावलीत!"

हा छंद दिसतो तेवढा सोपा नाही. डिझेलमध्ये भिजवा, वायरब्रशने घासा, वॉर्निश मारा. ऑइलचा वास एखाद्या दमट दुपारी परत येऊन सोफ्यावर बसतोच. हेडलाइटचा दिवा करायचा तर तो बारा व्होल्टचा, भिंतीतली वीज दोनशे तीस व्होल्टची. मधे ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो लपवायचा कुठे हा प्रश्न. इटलीतल्या कास्तिग्लिओनी बंधूंनी १९६२ साली मोटारीच्या हेडलाइटचा उभा दिवा केला, त्यात हा ट्रान्सफॉर्मर लपवलाच नाही. वजन म्हणून सरळ बुडाशी ठेवला, आणि वायर वर न्यायला मासे धरायच्या गळकाठीच्या कड्या वापरल्या. त्याआधी १९५७ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटचं स्टूल केलं होतं. १९८१ साली लंडनमध्ये रॉन अरादने भंगारातल्या रोव्हर गाडीची सीट उचलून लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर चढवली. ती खुर्ची आज डिझाइनच्या इतिहासात जाऊन बसली आहे. मावसभावाला हे सांगायची सोय नाही. तो वहिनींच्या पुढ्यात रॉन अरादला साक्षीला उभा करील.

तसं पाहिलं तर गाडीचे अवशेष घरात आणायला आपल्याला लंडनने शिकवायची गरज नव्हती. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहार कोयता घडवतात. ते पोलाद धार धरतं. ट्यूब कमरेला अडकवून पोरं विहिरीत पोहायला शिकली. टायरच्या चपला आधी पाय चावायच्या आणि मग वर्षानुवर्षं झिजायच्या नाहीत. यातल्या कशालाही कोणी कलाकृती म्हटलं नाही, कारण कोयत्याने खरोखरच ऊस तुटत होता. दिवाणखान्यात शिरायचं तर वस्तूने आधी पुरती निरुपयोगी व्हावं लागतं, असा काहीतरी नियम असावा. चालू मिक्सर ओट्याच्या कोपऱ्यात आणि बंद स्पीडोमीटर दर्शनी भिंतीवर.

सध्या मावसभावाचं मन पद्मिनीवर जडलंय. प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळीपिवळी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा आणि डावीकडे बाहेर डोकावणारं, हाताने पाडायचं जुनं मीटर. रिकामी टॅक्सी समोरून निघून गेली म्हणून ज्यांनी तिला शिव्या घातल्या, त्यांचाच आता तिच्या आठवणीने गळा दाटतो. मावसभाऊ त्यातलाच.

पद्मिनी जन्माला आली कुर्ल्याच्या कारखान्यात, आणि जुन्या गाड्या सुट्या होतात तेही कुर्ल्यातच. तिथे तो मला घेऊन गेला. दुकान म्हणजे बंपरांची उतरंड, वर सायलेन्सर लोंबताहेत, मधल्या बोळात मालक. हेडलाइटची क्रोमची कडी पसंत पडली. भाव विचारला तर मालक म्हणाला, "गाडीला लावायची की घरात?"

"का हो?"

"गाडीला असेल तर तीनशे. घरात शोला असेल तर बाराशे."

"गाडीला," मावसभाऊ ताठ मानेने म्हणाला.

मालकाने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, कडी फडक्याने पुसली आणि म्हणाला, "मग आणा की गाडी दारात. बसवूनच देतो, बसवायचे पैसे नको."